एकही फुटलं नाही, एकही निघालं नाही

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाबरोबर दोन रंगांचे गोल असतात. लाल गोल म्हणजे त्या दिवशी उबवणीच्या अंड्यांचं पार्सल गेलं. तिथून तेवीस दिवस मोजून मी निळा गोल करते. प्रवासाचा एक दिवस, पोचल्यावर अंड्यांना विसावा म्हणून एक दिवस आणि उबवणीचे एकवीस. निळ्या गोलाच्या दिवशी फोन वाजला की सासूबाई पोळी लाटता लाटता थांबतात. पिल्लं निघाली असतील तर फोन बहुधा येतच नाही. आला तरी आठ-दहा दिवसांनी, आणि तोही ‘आणखी पाठवता का’ म्हणून. अगदी त्याच दिवशी येतो तो तक्रारीचा.

तुम्ही म्हणाल, बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी बाई या भानगडीत पडली कशी? त्याचं उत्तर २०२० च्या टाळेबंदीत आहे. अर्धवेळ शिक्षिकेला तासांवर पैसे. शाळा बंद म्हणजे तास बंद आणि तास बंद म्हणजे पैसे बंद. ह्यांचा पगारही त्या वर्षी निम्म्यावर आला होता. आमचं घर अमरावतीच्या कडेला, जुन्या लेआउटमध्ये. मागे मोकळी जागा बरीच, आणि तिथे सासूबाईंच्या आठ-नऊ गावठी कोंबड्या आधीपासूनच फिरत असत. माझं माहेर अकोल्याचं. तिथल्या वहिनीच्या शेजारणीला खुडूक कोंबडीखाली ठेवायला गावठी अंडी हवी होती. मी बारा पाठवली, दहा निघाली, आणि त्या दहा पिल्लांनी माझी जाहिरात केली. आज चाळीस कोंबड्या आणि पाच कोंबडे आहेत. आठ कोंबड्यांमागे एक कोंबडा हे प्रमाण सासूबाईंनी कुठलंही पुस्तक न वाचता ठेवलेलं. पुढे मी पुस्तकात पाहिलं तर तिथेही साधारण तेच!

खायचं अंडं विकणं सोपं. फोडलं, ऑम्लेट झालं, विषय संपला. दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांत मुळी बीजच नसतं, कारण त्या फार्मवर कोंबड्यांसोबत कोंबडा ठेवतच नाहीत. उबवणीच्या अंड्याचं तसं नाही. ते घेणारी बाई एका अंड्याचे पंचवीस रुपये देते ते अंड्याचे देत नाही, पिल्लाचे देते. आणि पिल्लू तर मी तिला दिलेलंच नसतं. ते व्हायचं की नाही हे पुढच्या तीन आठवड्यांत, तिच्या घरी, माझ्या डोळ्यांआड ठरायचं असतं. भांडणाला याहून चांगली जागा कोणती?

त्यात लोकांचे हात आधीच पोळलेले. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्याकडे काळ्या कोंबडीचं वेडच लागलं. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला कडकनाथच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाल्याचं उघड झालं, फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. अंडी आणि पक्षी परत विकत घेऊ असं सांगून पैसे गोळा केले होते म्हणे. त्यानंतर लगेच मी हा उद्योग सुरू केला. तेव्हा अंडी म्हटलं की समोरचा माणूस आधी डोळे बारीक करूनच बोलायचा. दुधानं तोंड पोळलेलं, मग माझं ताक तो फुंकून पिणारच. त्याचा मला राग येत नाही. राग येतो तो ‘शंभर टक्के पिल्लं निघण्याची हमी’ असं छापून अंडी विकणाऱ्यांचा. अहो, अंडी घालणारी कोंबडी स्वतः त्यांवर बसली तरी बारापैकी बारा क्वचित निघतात. गाडीतून शंभर किलोमीटर हिंदकळत गेलेल्या अंड्यांची हमी देणारा माणूस एक तर अडाणी किंवा लबाड!

तक्रार आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो. ‘अंडी फेकली तर नाहीत ना?’

समोरच्याला वाटतं, बाई पुरावा मागते आहे. थोडंफार खरंही आहे ते. पण पुरावा दोघांच्याही कामाचा असतो. न निघालेलं अंडं मुकं नसतं. नाकाला रुमाल बांधून, अंगणात, जुन्या थाळीत एकेक फोडलं की ते बोलतं. आत नुसतं पांढरं-पिवळं असेल, काही म्हणता काही धरलेलं नसेल, तर ते बहुधा रिकामं अंडं. त्याचा जाब मला विचारा, कारण कोंबड्याची जबाबदारी माझी. आत सुरुवात होऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशीच थांबलेलं असेल तर संशय प्रवासावर, उन्हावर, फार दिवस साठवण्यावर किंवा पेटीच्या पहिल्या दिवसांतल्या उष्णतेवर. आणि पिसं-चोचीसकट पूर्ण पिल्लू आत मरून पडलं असेल तर बहुतेक वेळा शेवटच्या तीन दिवसांत, उबवणाऱ्याच्या घरी, काहीतरी बिनसलेलं असतं. याच्याही पलीकडे शंका असेल, रोगाबिगाचा संशय असेल, तर मी अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेचा रस्ता दाखवते. मी डॉक्टर नाही.

एक गोष्ट इथेच सांगते. रिकाम्या अंड्याला आमच्याकडचे बरेच लोक ‘वांझ अंडं’ म्हणतात आणि कोंबडीला शिव्या घालतात. आता अंडं तर कोंबडीनं दिलेलं असतं, उणीव असते ती बहुधा कोंबड्याकडून. तरी नाव मात्र बाईचंच! तो शब्द मी माझ्या चिठ्ठीवर लिहीत नाही आणि फोनवर ऐकून घेत नाही. ‘रिकामं’ म्हणा म्हणून सांगते. ह्यांना ती माझी मास्तरकी वाटते. वाटू द्या.

आता पूर्ण वाढून आत मेलेल्या पिल्लांची तक्रार. ही सर्वांत जास्त चिडून येते, आणि साहजिकच आहे. अकोल्याच्या एका तरुण मुलानं तीस अंडी नेली होती. नवीन पेटी घेतलेली, उत्साह दांडगा. बाविसाव्या दिवशी त्याचा फोन. सात पिल्लं निघाली, बाकीची आतच मेली, म्हणजे तुमची अंडी कमजोर. मी विचारलं, शेवटच्या तीन दिवसांत झाकण किती वेळा उघडलं? तो म्हणाला, ‘जास्त नाही मॅडम, दर तासाला एकदा.’ आणि दोन पिल्लांनी टरफलाला भोक पाडलं होतं, त्यांना ‘मदत’ म्हणून त्यानं टरफल सोलून काढलं होतं. तीही गेली.

मी त्याला महाभारतातली विनता सांगितली. आदिपर्वातली गोष्ट. कद्रू आणि विनता या कश्यपांच्या दोन बायका. कद्रूनं हजार पुत्र मागितले, विनतेनं दोनच. पाचशे वर्षं अंडी उबवली. कद्रूची फुटली, हजार नाग निघाले. विनतेची दोन्ही अंडी तशीच. तिला धीर निघेना. शेजारी सवतीचं अंगण पोरांनी भरलेलं, आणि आपली अंडी गप्प. तिनं एक अंडं स्वतःच्या हातानं फोडलं. आत अरुण होता, वरचं अंग पूर्ण, खालचं अर्धवट. त्यानं आईला शाप दिला, तू सवतीची दासी होशील, आणि दुसऱ्या अंड्याला आणखी पाचशे वर्षं हात लावू नकोस म्हणून बजावलं. त्या दुसऱ्या अंड्यातून गरुड निघाला. शाळेत ही गोष्ट सांगते तेव्हा मुलं गरुडाकडे पाहतात. मी हल्ली विनतेकडे पाहते. ‘तिची निघाली, माझी का नाही?’ हाच प्रश्न तर माझ्या फोनवर येतो.

झाकण उघडलं की काय होतं ते साधं आहे. पहिले अठरा दिवस अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवायची, उष्णता ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद आणि ओलावा जास्त, पाण्याचं पसरट भांडं पेटीत हवंच. पिल्लू बाहेर येत असताना कोरडी हवा लागली की आतला पापुद्रा वाळून त्याच्या अंगाला चिकटतो, आणि ते जागच्या जागी जखडतं. आपल्या वऱ्हाडातली हवा फेब्रुवारीतच किती कोरडी होते ते पापड वाळवणाऱ्या बायकांना सांगायला नको. पिल्लाला बाहेर यायला भोक पाडल्यापासून अख्खा दिवसही लागू शकतो. तोवर हात मागे बांधून बसायचं. तो मुलगा हिरमुसला, पण भांडला नाही. ‘विनताबाईंचं मला कोणी आधी सांगितलं नव्हतं,’ एवढंच म्हणाला.

अकोल्याचेच एक निवृत्त गृहस्थ होते, त्यांची तक्रार मी आजवर ऐकलेल्या तक्रारींत सर्वांत सुंदर. त्यांनी वहीत रोजची तीन वेळची उष्णता लिहून ठेवली होती. सगळीकडे ३७.५. मी म्हटलं, काका, घरातला तापाचा थर्मामीटर पेटीच्या काट्याशेजारी ठेवून बघा. ३७.५ म्हणजे साडेनव्याण्णव फॅरनहाइट, तापाच्या थर्मामीटरवर बरोबर दिसतं. अर्ध्या तासात त्यांचा फोन आला. तापाचा थर्मामीटर एकशे दोनच्या वर! पेटीचा काटाच खोटं बोलत होता. अंडं थोडा वेळ गार झालं तर बहुधा सावरतं, तासाभरासाठी वीज गेली म्हणून घाबरू नये. पण दोन-तीन अंश जास्त उष्णता त्याला सोसत नाही. ही थर्मामीटरची युक्ती आता मी प्रत्येकाला आधीच सांगते.

हे झालं घरातलं. प्रवासाचं वेगळं.

अमरावती-अकोला रस्ता तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. मी सुरुवात केली तेव्हा तो खड्ड्यांचा होता. अंड्याच्या रुंद बाजूला हवेची एक पोकळी असते, हादऱ्यांनी ती सुटी होते आणि आत बुडबुड्यासारखी फिरते. म्हणून पोचल्यावर अंडी निमुळतं टोक खाली करून एक दिवस शांत ठेवायची, लगेच पेटीत घालून फिरवायची नाहीत. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. पेपरात फोटो आले, दिल्लीपर्यंत कौतुक झालं. आमच्या घरी त्याचं कौतुक वेगळ्या कारणानं झालं. अंडी न हिंदकळता पोचू लागली!

पण रस्ता सुधारला तरी ऊन तेच. अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळिसाच्या पुढे जातो. अंडं साधारण पंधरा ते अठरा अंशांत आठवडाभर नीट झोपून राहतं. अठ्ठावीस-तिशीच्या पुढे गेलं की आतलं बीज जागं व्हायला लागतं. पुरती ऊब नाही आणि पुरती झोपही नाही, असं अर्धवट जागं झालेलं बीज मरतं. म्हणून मी दिवाळी ते होळी एवढंच पार्सल पाठवते. सासूबाईंचा नियमही तोच, ‘उन्हात कोंबडीही अंड्यावर धड बसत नाही, तू काय पाठवतेस?’

आता मूर्तिजापूरची गोष्ट. मूर्तिजापूरपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यातला बायकांचा बचत गट. त्यांच्या अध्यक्षबाई माझ्या वहिनीच्या ओळखीच्या. होळीच्या दहा दिवस आधी त्यांना साठ अंडी हवी होती. छत्तीस गटाच्या पेटीत आणि चोवीस दोन खुडूक कोंबड्यांखाली. दिवस सरत आले होते, पण सकाळी गारवा होता. पहाटे सहाच्या गाडीनं डबा दिला, साडेसातला मूर्तिजापूरला पोचायचा. प्रत्येक अंडं कागदात गुंडाळलेलं, मध्ये कुटार भरलेलं, वर ‘उन्हात ठेवू नये’ असं मोठ्या अक्षरांत. गाडी एका खासगी माणसाची होती. ती वाटेत बिघडली. डबा दुसऱ्या गाडीच्या टपावर गेला, तिथून एका पत्र्याच्या टपरीत, आणि अध्यक्षबाईंच्या हातात पडला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. त्यांनी मला तसं कळवलं. मी म्हटलं, एक दिवस ठेवा, मग बसवा, बघू.

तेविसाव्या दिवशी फोन.

‘मॅडम, तुमी अंडे उकळून पाठवले होते काय?’

मी गप्प. त्याच पुढे बोलल्या, ‘साठपैकी एकबी पिल्लू नाही निंघालं. बाया मले म्हणून रायल्या का तुह्याच ओळखीची बाई, तुलेच कमिशन भेटलं असन.’

साठ अंड्यांचे दीड हजार रुपये. शहरात ती रक्कम हॉटेलात एका जेवणाला जाते. गटात ती बारा जणींच्या महिन्याच्या बचतीतून आलेली होती. मी गाडीवाल्याला गाठलं. त्याचं उत्तर तयार होतं. ‘एक अंडं तरी फुटलं काय? डबा जसा देल्ला तसा पोचवला. आतलं पिल्लू काहून मेलं हे मले काय मालूम?’ काच फुटली असती तर त्याला धरता आलं असतं. दूध नासलं असतं तर वासानं कळलं असतं. इथे साठच्या साठ अंडी चांगली दिसत होती, हातात घेतली तर वजनदार, कुठे तडा नाही. एकही फुटलं नव्हतं आणि एकही निघालं नव्हतं. अशा नुकसानीची पावती कोण फाडणार?

घरात दोन मतं. ह्यांनी माझी चिठ्ठी काढून दाखवली. ती मी प्रत्येक डब्यात घालते. त्यात मी काय कबूल करते ते लिहिलेलं असतं. अंडी सात दिवसांच्या आतली आहेत, कोंबड्यांच्या कळपात कोंबडा आहे, फुटलेल्या अंड्याचे पैसे परत, आठव्या दिवशी टॉर्च लावून दहात दोनाहून जास्त अंडी रिकामी दिसली तर तेवढी बदलून देईन. पिल्लं किती निघतील हे मी कबूल करत नाही. ‘स्पष्ट लिहिलंय,’ हे म्हणाले, ‘एक रुपया द्यायचं कारण नाही.’ कायद्यानं ते बहुधा बरोबरच असावेत. एकदा एका गृहस्थांनी मला ग्राहक मंचात खेचण्याची धमकी दिली होती, तेव्हा मी माहिती काढली होती. २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैत लागू झाला, मंचाचं आता आयोग झालं, ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि सल्ल्यासाठी १९१५ हा फोन नंबर आहे. हे सगळं मी त्या गृहस्थांनाही सांगितलं. खरेदी करणारी म्हणून तुम्हीही लिहून ठेवा. शेवटी प्रश्न एकच येतो, विकणाऱ्यानं कबूल काय केलं होतं? म्हणून ती चिठ्ठी.

सासूबाईंनी मात्र दुसराच हिशेब काढला. ‘अवं, त्या बायांनी दोन कोंबड्या एकवीस दिवस अडकवून ठेवल्या. त्या दिवसांतले त्याइचे अंडे बंद, ते कोनाच्या हिशोबात?’ हा हिशेब माझ्या चिठ्ठीत नव्हता आणि कायद्याच्या पुस्तकातही मला दिसला नव्हता.

मी अध्यक्षबाईंना फोन करून पैशांचं बोलायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

‘मले पैसे नोको, मॅडम. मी बायांपुढं काय सांगू, ते सांगा.’

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. तोवर मी तक्रार म्हणजे पैशांची मागणी असंच धरून चालत होते असं नाही, पण इतक्या उघडपणे कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्या बाईनं अकरा जणींना भरीला घातलं होतं. आता त्या अकरा जणी तिच्याकडे पाहत होत्या. माझे दीड हजार परत गेले असते तर संशय उलट पक्काच झाला असता, की बघा, अंडी खराब होती म्हणूनच दिले. तिला हवं होतं कारण. खरं कारण, जे चार जणींपुढे मांडता येईल.

पुढच्या रविवारी मी माहेरी अकोल्याला निघाले ती मूर्तिजापूरला उतरले. अंडी त्यांनी ठेवली होती, गोठ्याच्या कोपऱ्यात, पेटीतली एका टोपल्यात आणि कोंबड्यांखालची दुसऱ्या टोपल्यात. हे वेगळं ठेवणं त्यांचं त्यांनीच केलं होतं, आणि सगळा उलगडा त्यातूनच झाला. गटाच्या नऊ जणी जमल्या. अंगणात पोतं अंथरलं, थाळी घेतली, नाकाला पदर लावला. वासाबद्दल मी इथे लिहीत नाही, तुम्ही जेवणानंतर वाचत असाल.

पेटीतल्या छत्तीसपैकी चार रिकामी. बाकीच्यांत गढूळ, पातळ, कडेला काळपट रेघ. कुठे डोळा नाही, पीस नाही, चोच नाही. सगळी अगदी सुरुवातीलाच गेलेली. मी विचारलं, आठव्या दिवशी टॉर्च लावला होता का? अध्यक्षबाई म्हणाल्या, लावला होता, आत लाल रिंगण दिसलं, आम्हाला वाटलं रक्त धरलं, जीव आहे. जीव असतो तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा पसरलेल्या दिसतात. नुसतं गोल रिंगण दिसलं की तो जीव गेलेला असतो. हे मी जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. एक म्हातारी बाई म्हणाली, ‘म्हंजे आठव्या रोजीच समदं खतम झालं होतं, आन् आमी एकवीस रोज वाट पायली.’ कुणीच काही बोललं नाही.

मग दुसरं टोपलं. कोंबड्यांखालची चोवीस. दोन रिकामी आणि बाकी सगळी पहिल्यासारखीच.

आता विचार करा, मी त्यांना म्हटलं. पेटी बिघडलेली असती तर कोंबड्यांखालची अंडी निघायला हवी होती. कोंबड्या उठून गेल्या असत्या तर पेटीतली निघायला हवी होती. दोन्हीकडची एकाच वेळी, एकाच पद्धतीनं गेली. म्हणजे जे झालं ते पेटीत आणि कोंबडीखाली जाण्याच्या आधी झालं. ‘मंग तुमच्या घरी झालं,’ एक तरुण सून पटकन म्हणाली. मला ती आवडली. तिचं उत्तर माझ्या पिशवीत होतं. प्रत्येक खेपेला त्याच दिवसांची सहा अंडी मी घरी ठेवते आणि आमच्या खुडूक कोंबडीखाली सरकवते. घरात त्यांना ‘साक्षीदार’ म्हणतात. त्या सहांपैकी पाच पिल्लं निघाली होती. पिवळ्या धमक पिल्लांचा तारखेसह काढलेला फोटो मी दाखवला. घरी निघाली, मूर्तिजापूरला नाही. मधे उरला तो सकाळी सहा ते संध्याकाळी पाच एवढा दिवस, टप आणि पत्रा.

कुणीतरी म्हणालं, म्हणजे चूक त्या गाडीवाल्याची, त्याच्याकडून पैसे घ्या. घ्यायला हवे होते हे मलाही मान्य. पण तो देणार नव्हता आणि दीड हजारासाठी त्याच्यामागे फिरायला कुणालाच परवडणार नव्हतं. हे चीड आणणारं आहे, पण आहे ते असं आहे. दोन प्रामाणिक माणसांच्या मधे तिसरा एक जण वस्तू हातात घेतो, आणि बिघडलं की ती दोघंच एकमेकांकडे संशयानं पाहत राहतात. मी म्हटलं, माझी अंडी वाईट नव्हती, म्हणून मी पैसे परत करणार नाही. तुमचीही चूक नव्हती, म्हणून सगळं तुमच्यावर टाकणार नाही. दिवाळीनंतर साठ अंडी घ्या, तीस माझ्याकडून. अध्यक्षबाईंनी मान हलवली. ‘फुकटचे नोको. निम्मे पैसे घ्या त्या तिसाचे. आन् यावेळी पार्सल नोको, डबा घ्यायले मी खुद्द येतो.’ आमच्या वऱ्हाडात बायका ‘येतो’च म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.

(ज्यांना ही सगळी जोखीमच नको, त्यांनी अंडी घेऊ नयेत, एक दिवसाची पिल्लं घ्यावीत असं मी सरळ सांगते. नागपूरला सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे चौकशी करावी. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, शाप नको.)

नोव्हेंबरात त्या आल्या, दोघी जणी. डबा मांडीवर घेऊन खिडकीची जागा धरून गेल्या. साठपैकी बेचाळीस निघाली. गटात वाटून झाली. आणि फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. मी आवाज ऐकूनच ओळखलं की तक्रार आहे.

‘मॅडम, बेचाळीसमधले चोवीस कोंबडेच निंघाले. याचं काय करता?’

मी म्हटलं, ताई, हे कुणाच्याच हातात नाही. निम्म्याच्या आसपास कोंबडे निघतातच. आणि एक गंमत सांगू का, माणसांत मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत मात्र ते मादीकडून ठरतं. कोंबडा की तलंग, हे कोंबडीच्या बीजातूनच येतं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग हसण्याचा आवाज. बहुतेक फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवलेला असावा, कारण हसणाऱ्या पाच-सहा जणी होत्या.

‘आमच्या घरी तं उलटंच सांगतेत. तं मंग आता कोंबडीलेच इचारतो,’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या हंगामासाठी पन्नास अंड्यांचं नाव लिहून ठेवायला सांगितलं.